धाब्यावरची माती

उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शाळा-कचेऱ्यांच्या काँक्रीट छताखाली बसणाऱ्यांचे हाल होतात. दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावरही उष्णता सोडीत राहतो. वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर हे ऊन अडवीत असे; पावसाळ्यात त्यावर गवतही उगवे. अर्थात धाबे गळे, वरचेवर नवी माती घालावी लागे. म्हणून लोकांनी टिन व स्लॅब पत्करला, यात त्यांचा दोष नाही.

मात्र जलरोधक थर देऊन त्यावर माती व हिरवळ राखणे आज शक्य आहे. मुंबईत मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डन १८८१ च्या सुमारास जलाशयाच्या छतावरच तयार झाले. अशा छताखाली गारवा राहतो, पावसाचे पाणी सावकाश उतरते आणि स्लॅबही टिकतो.

अडचणी दोन आहेत. १० सेंटिमीटर जाडीच्या ओल्या मातीचा भार चौरस मीटरला सुमारे १८० किलो होतो. जुन्या स्लॅबवर तो लादणे धोक्याचे. शिवाय टंचाईच्या दिवसांत हिरवळीस पाणी देणे परवडणार नाही. तेव्हा नव्या सार्वजनिक इमारतींच्या आराखड्यातच हा भार धरावा आणि उन्हाळ्यात वाळून पावसात पुन्हा फुटणारे गवत निवडावे. गवत वाळले तरी माती ऊन अडवितेच. आज बांधलेली इमारत पन्नास उन्हाळे पाहणार आहे. अंदाजपत्रक करणाऱ्यांनी त्या उन्हाळ्यांचाही हिशेब मांडावयास हवा.