वय विचारायचं ते लोखंडाला!

आमच्या हट्ट्यात कुठलीही जुनी वस्तू निजामाच्या काळातलीच असते. अडकित्ता असो, वाड्याचं दार असो की कुणाच्या आजोबांची काठी. (हट्टा म्हणजे तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. हॉस्टेलवर प्रत्येकीला वेगळं सांगावं लागतं, म्हणून इथे सगळ्यांना एकदाच सांगून टाकते!) आता निजामाचा काळ म्हणजे नक्की कधीचा? १७२४ पासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. सव्वादोनशे वर्षं! म्हणजे "निजामाच्या काळातलं" हे वय नाहीच मुळी. ऐकायला भारदस्त वाटतं, एवढंच.

अडकित्त्याच्या बाबतीत हे चालून जातं. रिव्हॉल्वरच्या बाबतीत नाही.

विषय निघाला माझ्या मामांमुळे. मामांकडे रीतसर परवाना आहे आणि ओळखीतल्या एकांनी त्यांना एक जुनं रिव्हॉल्वर देऊ केलं. शंभर वर्षांचं, वेबलीचं, खास विलायती, निजामाच्या एका अधिकाऱ्याकडचं वगैरे वगैरे. किंमतही शंभर वर्षांची! परदेशी हत्यारं आणून विकण्यावर १९८० च्या दशकापासून आपल्याकडे जवळजवळ बंदीच आहे. त्यामुळे आधी आलेलीच या हातातून त्या हातात फिरतात आणि 'विलायती' म्हटलं की आकडा फुगतो. "तू मेकॅनिकलला आहेस ना गं, मग सांग बरं खरंच किती जुनं आहे ते," असं म्हणून मामांनी मोबाइलवरचे फोटो दाखवले. सगळे फोटो मुठीच्या नक्षीचे! ठसा एकाही फोटोत नाही. म्हणजे जन्मदाखला मागितला तर पाळण्याचा फोटो दाखवल्यासारखं.

माझं म्हणणं साधं आहे. विकणाऱ्याला वय विचारूच नका, लोखंडाला विचारा. आणि लोखंड खोटं बोलतंय का, तेही तपासा.

सुरुवात कंपनीच्या नावापासून. 'वेबली अँड स्कॉट' ही नावांची जोडी १८९७ साली जमली, त्याआधी 'पी. वेबली अँड सन' होतं. म्हणजे 'स्कॉट' कोरलेलं रिव्हॉल्वर कुणी १८८० चं म्हणून देत असेल तर सरळ नमस्कार करायचा. पण उलटं खरं नाही हं! नाव दिसलं म्हणून ते जुनंच, असं नाही. याच नावाची .३२ बोअरची रिव्हॉल्वर २०२० नंतर उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे बनू लागली. पेटंटच्या तारखेचंही तेच. नळीवर पेटंटचं साल असलं की लोक तीच जन्मतारीख धरतात. पेटंट १८९० चं असलं तरी वस्तू १९१० ची असू शकते. त्या तारखेवरून एवढंच कळतं की ती त्याआधीची नाही.

मग येतात प्रूफ हाऊसचे ठसे, आणि मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. विक्रीपूर्वी नळीत जास्तीचा दारूगोळा भरून ती फुटते का हे बघायचं आणि टिकली तर ठसा मारायचा. आपण टेस्टिंग लॅबमध्ये करतो तेच, फक्त आवाज मोठा! बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासून हे काम करतंय. त्यांचे ठसे १९०४ मध्ये बदलले, १९५४ मध्ये पुन्हा बदलले. मुकुटाखाली 'बी पी', 'एन पी' अशी अक्षरं वेगवेगळी असतील तर १९०४ ते १९५४ मधलं. मुकुटाखाली 'बी एन पी' एकत्र असेल तर त्यानंतरचं. अंडाकृती चौकटीत 'ई एल जी' दिसलं तर ते इंग्लंडचं नाहीच, बेल्जियममधल्या लीएजचं आहे आणि चौकटीवर मुकुट असेल तर १८९३ नंतरचं. तेव्हा 'विलायती' म्हणजे कुठलं, हेही विचारून घ्या.

आणि नकली ठसे? सरहद्दीपलीकडच्या दर्रा आदमखेलमध्ये इंग्रजी हत्यारांच्या हातोडी-कानसीने नकला बनवायचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. ठसा कोरणाऱ्याला इंग्रजी येत नसलं की 'एन' अक्षर उलटं पडतं, स्पेलिंग चुकतं. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, तरी तिचं 'व्ही आर' आणि खाली १९०७ साल, असलेही नमुने असतात. (कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी स्पेलिंगसाठी जे छळलं त्याचा असाही उपयोग!) स्क्रूसुद्धा बघा. फुलीच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला. 'शंभर वर्षांच्या' वस्तूवर तो असेल तर मधे कुणीतरी हात मारलाय.

पण या सगळ्याआधी नंबर. मामांना मी म्हटलं, सांगाड्यावरचा, नळीवरचा, सिलिंडरवरचा नंबर मागा. उत्तर आलं, पॉलिश करताना नंबर गेला, पण परवान्याच्या पुस्तकात आहे की! अहो, पुस्तकातलं हत्यार आणि हातातलं हत्यार एकच, हे ठरवायचं कशावरून? शस्त्र कायदा १९५९, कलम ८. नंबर खोडणं गुन्हा आणि बिननंबरी हत्यार विकणंही गुन्हा. मामा "ओळखीतले आहेत गं" म्हणत होते. मग त्यांनी निरोप दिला की परवानाधारक डीलरकडे चला, तिथे बोलू. तिकडून पुन्हा फोन आला नाही.

नंबरचं महत्त्व बघायचं तर भगतसिंगांचं पिस्तूल बघा. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर आपल्या खेडच्या राजगुरूंनी आणि भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या. भगतसिंगांचं .३२ कोल्ट पुढे इंदूरला बीएसएफच्या संग्रहात कित्येक वर्षं पडून होतं, पण ते त्यांचंच आहे हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. २०१६ च्या सुमारास रंग खरवडला, खाली १६८८९६ निघाला आणि तो खटल्याच्या कागदांशी जुळला. तो रंगाऐवजी कानशीखाली गेला असता तर?

वयाचा प्रश्न फक्त पैशांचा नाही, बोटांचाही आहे. जुनी रिव्हॉल्वर काळ्या दारूसाठी बनलेली. आजची काडतुसं बिनधुराच्या दारूची, तिचा दाब वेगळा. 'एन पी' मधला 'एन' म्हणजे नायट्रो, म्हणजे या दारूवर तपासलेलं. तो ठसा नसेल तर आजचं काडतूस घालणं म्हणजे हातात सुतळी बॉम्ब धरणं. ठसा असला तरी नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने मोजून घ्यावी, घोडा ओढल्यावर सिलिंडर हलतं का बघावं. हे काम परवानाधारक कारागिराचं, वर्कशॉपमधल्या हौशी मित्राचं नाही!

आणि "शंभर वर्षं झाली, आता अँटिक, परवाना लागत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते अमेरिकेचं ऐकून बोलतात. तिथे १८९८ पर्यंतचं हत्यार अँटिक धरतात. आपल्याकडे कलम ४५ ची सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला. चालत असेल तर वय कितीही असो, परवाना हवाच. (तोही २१ पूर्ण झाल्यावर, म्हणजे मला अजून वेळ आहे.) शिवाय .४५५ चं काडतूस घेणारं रिव्हॉल्वर बंदी असलेल्या बोअरमध्ये मोडतं आणि इंग्रज फौजेची १८८७ पासूनची वेबली नेमकी त्याच बोअरची. तेव्हा 'साहेबाच्या फौजेतलं' असं कुणी सांगितलं तर आधी बोअर विचारा. .४५५ निघालं, तर वयापर्यंत जायची गरजच नाही.