तोंड दाबून दिलेली भरपाई

अत्याचार करणारी संस्था बंद पडली म्हणजे अत्याचाराचे प्रकरणही मिटले, असा एक सोयीस्कर समज सर्वच समाजांत आढळतो. वास्तू पाडल्या जातात, जमिनी विकल्या जातात, चालक वृद्धापकाळाने निवर्ततात आणि ‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे म्हणायला समाज मोकळा होतो. परंतु ज्याचे बालपणच त्या भिंतींआड चिरडले गेले, त्याच्यापुरते ते प्रकरण कधीच मिटत नाही. आयर्लंड हे छोटेसे राष्ट्र गेली पंचवीसहून अधिक वर्षे या प्रश्नाशी झुंजत आहे. त्या झुंजीतून मिळणारे धडे केवळ आयर्लंडपुरते नाहीत.

विसाव्या शतकात तेथील निर्धन, निराधार, अविवाहित मातांची किंवा शाळा चुकवणारी मुले न्यायालयाच्या आदेशाने ‘औद्योगिक शाळां’मध्ये धाडली जात. शाळा चालवीत ते कॅथलिक धर्मसंघ; दरडोई अनुदान देई ते शासन. १९९९ मध्ये मेरी राफ्टरी या पत्रकार महिलेने ‘स्टेट्स ऑफ फिअर’ या दूरचित्रवाणी मालिकेतून तेथील क्रौर्य जगासमोर आणले. त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने २० मे २००९ रोजी पाच खंडांचा अहवाल सादर केला. मारहाण आणि उपासमार हा या संस्थांचा नित्यक्रम होता, मुलांच्या संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार सर्रास चालत आणि शिक्षण खाते धर्मसंघांपुढे मान तुकवून होते, असा त्याचा निष्कर्ष होता. कुंपणानेच शेत खाल्ले होते आणि राखणदाराने पाठ फिरवली होती.

इतके सिद्ध झाल्यावर न्याय मिळाला का? येथेच खरा प्रश्न सुरू होतो. २००२ च्या कायद्याने भरपाई मंडळ स्थापन झाले आणि पंधरा हजारांहून अधिक पीडितांना रकमा मिळाल्या. परंतु त्याच कायद्यात एक कलम होते. आपला अर्ज वा भरपाई यांविषयी, कोणा व्यक्तीची वा संस्थेची ओळख पटेल असे काही पीडिताने प्रसिद्ध केल्यास तो दंड आणि तुरुंगवास यांस पात्र ठरे. ज्यांना लहानपणी धाकाने गप्प बसवले, त्यांना उतारवयात कायद्याने गप्प बसवले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आपल्याला ठाऊक होता. तोंड दाबून दिलेली भरपाई हा त्याचाच सुधारित अवतार म्हणावा लागेल!

आरोपितांची नावेही झाकलेलीच राहिली. ‘ख्रिश्चन ब्रदर्स’ या संघाने आयोगाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि अखेर अहवाल टोपणनावांनिशी छापला गेला. पैशाची कथाही अशीच आहे. जून २००२ मध्ये शासनाने अठरा धर्मसंघांशी करार करून १२ कोटी ८० लाख युरोंच्या बदल्यात त्यांना पुढील दाव्यांपासून अभय दिले. २०१७ मध्ये महालेखापालांनी एकूण खर्च मांडला तो सुमारे दीड अब्ज युरोंचा. धर्मसंघांनी २००९ नंतर आणखी काही देऊ केले, तरी सिंहाचा वाटा सामान्य करदात्यानेच उचलला.

स्त्रियांची कथा याहून वेगळी नाही. मॅग्डलेन लाँड्र्यांमध्ये हजारो स्त्रियांनी विनावेतन कपडे धुतले. १९९३ मध्ये डब्लिनच्या हाय पार्क येथील जमीन विकली गेली. तेथून १३३ स्त्रियांचे अवशेष हलवण्याची परवानगी घेण्यात आली होती. प्रत्यक्षात निघाले १५५. शेवटची लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली. शासनाची क्षमायाचना आली ती फेब्रुवारी २०१३ मध्ये. भरपाई निधीत वाटा उचलण्यास मात्र चारही संघांनी नकार दिला. ट्यूम या गावी कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास-अभ्यासक महिलेने मातृ-शिशुगृहात मरण पावलेल्या ७९६ बालकांचे मृत्युदाखले चिकाटीने मिळवले. त्या जागेचे शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू झाले ते जुलै २०२५ मध्ये.

‘त्या काळची समाजधारणाच तशी होती’ हा बचाव अशा वेळी हमखास पुढे येतो. २०२१ च्या आयोगानेही मातांना मिळालेल्या कठोर वागणुकीची मुख्य जबाबदारी मुलांच्या पित्यांवर आणि मातांच्या कुटुंबीयांवर टाकली. कुटुंबे निष्ठुर वागली हे खरेच. पण दरवाजाची किल्ली कुटुंबाच्या हाती नव्हती, अनुदान कुटुंबाला मिळत नव्हते आणि तपासणीचा अधिकारही कुटुंबाकडे नव्हता. सर्वांचाच दोष म्हटले की तो कोणाचाच उरत नाही.

मग न्याय म्हणजे काय? पहिली गोष्ट, पीडिताला बोलण्याचे स्वातंत्र्य. दुसरी, संस्थांची आणि शासनाची दप्तरे खुली करणे. कारण ज्याला आपल्या आईचे नाव ठाऊक नाही, त्याला धनादेशापेक्षा जन्मनोंद मोलाची वाटते. हा हक्क कायद्याने देण्यास आयर्लंडला २०२२ साल उजाडावे लागले. तिसरी, ज्याने अपराध केला, त्याच्याच तिजोरीतून भरपाई. आणि चौथी, त्वरा. पीडित वृद्ध होत आहेत. प्रत्येक वर्षाचा विलंब हा अपराध्याच्याच पथ्यावर पडतो.

धर्मसंघांचे हे दोष उघड करणारे बहुतेक लोक त्याच समाजातले होते, हे विसरता कामा नये. राफ्टरी आणि कॉर्लेस यांनी आपल्या समाजाचा द्रोह केला नाही. त्याची लाज राखली. संस्था कोणत्याही धर्माची, विचाराची वा शासनाची असो, निराधारांना आश्रय देणाऱ्या प्रत्येक संस्थेचे भांडवल एकच असते आणि ते म्हणजे समाजाचा विश्वास. प्रतिष्ठा जपण्यासाठी पीडिताला गप्प बसवणारी संस्था त्याच भांडवलाची उधळण करीत असते. सेवेचे दार आतून बंद झाले की त्याचा तुरुंग होतो. ते दार बाहेरून उघडता येईल, अशी व्यवस्था ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे.