जाणाऱ्या खेळाडूचा हिशेब



गळिताच्या दिवसांत वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागली की त्या रांगेत जगातल्या सगळ्या गोष्टींचा निकाल लागतो, हे आपणांस सांगायला नको. परवा अशाच रांगेत ट्रॅक्टर बंद करून आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. विषय निघाला आपल्याच भागातल्या एका कबड्डीच्या पोराचा. नाव लिहीत नाही, त्याला आवडायचं नाही. तीन वर्षं कॉलेजच्या संघातून खेळला. चढाईला निघाला की समोरचे सातही जण आधी मागे सरकायचे, असा पोरगा. विद्यापीठाच्या संघापर्यंत गेला आणि तिथे थांबला. आता येत्या उन्हाळ्यात शेवटची परीक्षा दिली की पुण्याकडे एका कंपनीत कामाला चालला आहे.

रांगेतला एक जण म्हणाला, "एवढे गुडघे फोडून घेतले, मिळवलं काय?" दुसरा म्हणाला, "प्रो कबड्डीत तरी लागायला पाहिजे होता. वाया गेलं पोरगं." आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. खोटं कशाला सांगायचं, आमचीही मान हलली.

घरी आल्यावर मात्र ते 'वाया गेलं' डोक्यातून जाईना. कारण हाच शब्द आम्ही पूर्वी एकदा वापरला होता, दादरच्या एका पोराबद्दल. तेव्हाही असेच माना हलवून मोकळे झालो होतो.

आमच्यातले बरेच जण लालबाग-परळचं पाणी प्यालेले. कोणाचे वडील, कोणाचे चुलते गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो मिटलाच नाही म्हणा ना. बरीच माणसं गावाकडे परतली, पण काही खोल्या राहिल्या. त्या खोल्यांत पुढे आम्ही शिकायला, नोकरी शोधायला म्हणून जाऊन राहिलो. दहा बाय बाराची खोली, माणसं चौदा, झोपायचं पाळीपाळीनं. रविवारी सगळेच घरी, म्हणजे बसायलासुद्धा जागा नाही. मग चालत दादर गाठायचं आणि शिवाजी पार्कच्या कठड्यावर जाऊन बसायचं. क्रिकेटची आवड आम्हांला अशी लागली. टेकायला जागा नव्हती म्हणून.

तिथे एकाच मैदानावर सात-आठ सामने एकमेकांत शिरून चाललेले. एका सामन्याचा गली दुसऱ्या सामन्याचा मिडऑन. त्या गर्दीत रमाकांत आचरेकर सरांची पोरं ओळखू यायची. सर यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद न होता टिकेल त्याचं ते नाणं. त्या पोरांत शारदाश्रमचा एक बारका मुलगा होता, अमोल मुझुमदार.

फेब्रुवारी 1988 मधली हॅरिस शिल्डची ती गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. आझाद मैदानावर सेंट झेवियर्सविरुद्ध शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभेद्य भागी केली. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. आम्ही तो सामना पाहिलेला नाही. पाहिला म्हणणारे मात्र पुढे इतके भेटले, की ते सगळे खरंच आले असते तर आझाद मैदान पुरलं नसतं. त्या सामन्यात पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसला होता तो अमोल. वय तेरा. दोन दिवस बसला आणि त्याची पाळी आलीच नाही.

पुढे सगळे तेच सांगत बसले, पॅड बांधून बसलेला मुलगा. एखाद्याला एकदा एक गोष्ट चिकटली की माणसं बाकीचं बघायचं सोडून देतात.

बाकीचं कमी नव्हतं. फेब्रुवारी 1994 मध्ये फरिदाबादला हरियाणाविरुद्ध तो मुंबईकडून पहिल्यांदा रणजी खेळला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आणि 260 धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या पदार्पणात तेव्हा जगात कोणी एवढ्या काढल्या नव्हत्या. हा विक्रम जवळजवळ पंचवीस वर्षं टिकला. 2018 मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद 267 करून तो मोडला. त्या वर्षी लालबागच्या चहाच्या दुकानात आम्ही पैजा लावल्या होत्या, की हा पुढच्या वर्षी भारताकडून खेळणार. पैज चहा-मस्क्याची. ती अजून कोणी वसूल केलेली नाही.

कारण 1996 साल आलं. द्रविड आणि गांगुली लॉर्ड्सवर एकाच सामन्यात आले, वर्षाअखेरीस लक्ष्मण आला, आणि सचिन तर होताच. मधल्या फळीत जागा किती असणार? निवड समितीला शिव्या घालणं सोपं असतं, आम्हीही घातल्या. पण शांतपणे बघितलं तर त्या चौघांतल्या कोणाला काढून अमोलला घ्यायचं, हे आम्हांला आजही सांगता येणार नाही. चूक कोणाचीच नव्हती आणि तरी एका माणसाचं जन्माचं नुकसान झालं. असं होतं. पावसाच्या बाबतीत आपण ते दरसाल बघतो.

तो मात्र खेळत राहिला. वानखेडेवर रणजीचा सामना म्हणजे प्रेक्षकांत कावळे आणि आम्ही. डबा घेऊन जायचो, सावली बघून बसायचो. अमोल खेळायला आला की दोन-तीन तास निवांत. चेंडू अंगाखाली घेऊन खेळणार, घाई नाही, दिखावा नाही. 2006-07 च्या मोसमात तो मुंबईचा कर्णधार होता. सुरुवातीलाच संघ असा अडचणीत आला की यंदा काही खरं नाही असं आम्हीच म्हणालो. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात शून्यावर पाच बाद अशी अवस्था झाली. शून्यावर पाच! तरी तो सामना काढला आणि अंतिम सामन्यात बंगालला हरवून करंडक मुंबईला आणला.

आणि 2009 मध्ये त्याने मुंबई सोडली. आसामकडून खेळायला गेला, पुढे आंध्रकडून. 2014 मध्ये निवृत्त झाला तेव्हा नावावर 171 सामने, 11,167 धावा, 30 शतकं. आणि कसोटी किंवा एकदिवसीय सामना एकही नाही.

त्यापूर्वीच्या वर्षी, 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवरून सचिन निवृत्त झाला. तेव्हा आमच्यातले बहुतेक जण गावी परत येऊन शेती बघत होते. पाण्याची पाळी सोडून टीव्हीसमोर बसलो होतो. त्याचं भाषण ऐकताना म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले. ते योग्यच होतं, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण अमोल मुंबई सोडून गेला ती बातमी आम्ही पेपरात वाचली आणि पान उलटलं. ज्याच्या खेळावर आमचे इतके रविवार निघाले, त्याला साधं पोस्टकार्डही टाकलं नाही. 'बिचारा' म्हणालो. 'वाया गेला' म्हणालो. पंधरा वर्षं ज्याने आपल्या संघाचा डाव सावरला त्याला हे दोन शब्द, बस्स.

दादरच्याच पद्माकर शिवलकरांचंही तसंच. डावखुरे फिरकी गोलंदाज, शिवाजी पार्कचं भूषण. 1973 साली मद्रासला रणजीच्या अंतिम सामन्यात त्यांनी तामिळनाडूचे एका डावात 16 धावांत आठ आणि दुसऱ्यात 18 धावांत पाच गडी काढले. सामना तिसऱ्या दिवशी सकाळीच संपला आणि मुंबईला लागोपाठ पंधरावं विजेतेपद मिळालं. एकूण बळी 589. पण त्या काळात भारताकडे बिशनसिंग बेदी होते, आणि शिवलकरांना कसोटी सामना मिळाला नाही तो नाहीच. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं तर पुन्हा मुंबईकडून उतरले. 3 मार्च 2025 ला ते गेले. तेव्हा त्यांच्यावर जे छापून आलं त्यात बहुतेक ठिकाणी पहिल्या ओळीत 'न मिळालेला कसोटी सामना', आणि 589 बळी नंतर. आपण माणसाचं वजन करतो की त्याला न मिळालेल्या गोष्टीचं?

आता कोणी म्हणेल, मुझुमदारचं पुढे झालं की चांगलं. झालं खरं. ऑक्टोबर 2023 मध्ये तो भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. 2025 च्या विश्वचषकात या मुली लागोपाठ तीन सामने हरल्या तेव्हा लोकांनी त्यालाही सोडलं नाही. ज्याने कधी भारताकडून बॅट धरली नाही तो काय शिकवणार, इथपर्यंत बोलणं गेलं. मग उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा पार केल्या, मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 काढल्या. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं. आपल्या सांगलीची स्मृती मानधना त्या संघाची उपकर्णधार, त्यामुळे इकडे वाड्यावस्त्यांवर मध्यरात्री फटाके वाजले. कर्णधार हरमनप्रीत कौर मैदानात अमोलच्या पाया पडली, ते आपण सर्वांनी पाहिलं. आमच्यातला एक जण, पन्नाशी ओलांडलेला, हुंदके देऊन रडला. घरचे घाबरले.

दुसऱ्या दिवशी जो तो म्हणू लागला, "बघा, शेवटी त्याचं सोनं झालं." आमचा आक्षेप नेमका इथे आहे. करंडक आला नसता तर? जेमिमाचा झेल कोणी धरला असता, पाऊस थांबला नसता, तर काय त्या 11,167 धावा हलक्या झाल्या असत्या? त्या धावांचं वजन ज्या त्या दिवशी, वानखेडेवरच्या कावळ्यांच्या साक्षीनं झालेलं होतं. पावती आम्ही फाडायची राहिलो. काटा मारला की आपण सभासद केवढा ओरडा करतो, आणि करावाच. पण माणसांच्या बाबतीत काटा मारणारे आपणच. कोणी दिल्लीपर्यंत पोहोचला तर पूर्ण वजन, तालुक्यात थांबला तर मातीमोल.

आणि थांबलेली माणसं जातात कुठे, हेही बघायला पाहिजे. खोडव्याला पाणी-खत दिलं तर ते चांगलं येतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. खेळून झालेल्या पोराकडे मात्र आपण परत वळून बघत नाही. आपल्या गावांत शाळेच्या मुली कबड्डी खेळतात, त्यांना पकड कशी करायची हे सांगणारं माणूस नाही. पीटीचे सर आहेत, पण एकटे, आणि त्यांच्यामागे शंभर कामं. हा पोरगा पुण्याला गेला तरी शनिवारी रात्री गावाकडे येणार, पुणे काही आसाम नव्हे. रविवारी सकाळी दोन तास त्याने मुलींना शिकवावं, जाण्यायेण्याचा खर्च आपण चार माणसांनी काढावा, असं आमच्या मनात आहे. कारखान्याच्या तिजोरीला यासाठी हात लावायचं कारण नाही. त्याला विचारलेलं नाही अजून. तो नाही म्हणाला तरी चालेल. ज्याने तीन वर्षं आपल्याला खेळ दाखवला त्याच्यावर आपलं काही देणं निघत नाही, निघतं ते आपल्यावर.

कॉलेजकडून त्याचा शेवटचा सामना पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता तालुक्याच्या मैदानावर आहे. आम्ही सकाळची तोड लवकर आटोपून ट्रॉलीतून निघणार आहोत. 'वाया गेलं' म्हणणारे ते दोघेही येतो म्हणाले आहेत. ट्रॉलीत अजून दहा-बारा जणांची जागा आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी दोन वाजता काट्याजवळ यावं, उन्हाची टोपी आपापली आणावी.