न उघडलेला नळ

घरी सकाळी पिण्याचा माठ भरण्यापूर्वी काय करतात, ते आठवा. कालचे शिळे पाणी ओतून देतात, माठ आतून घासतात आणि मगच ताजे पाणी भरतात. हे साधे शहाणपण आपण कारखान्याच्या आणि प्रयोगशाळेच्या दाराशी विसरून जातो, असे माझे मत आहे.

आमच्या भिंगारहून नगरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी माणसे आहेत. जेथे आम्ले व अल्कली हाताळतात, तेथे डोळे धुण्याचे कारंजे बसवलेले असावे लागते. डोळ्यात आम्ल उडाले, तर ताबडतोब कारंजे उघडून पंधरा मिनिटे सतत डोळे धुवायचे असतात. अशा साधनांसाठी आपल्या देशात १९८२ सालापासून भारतीय मानकही आहे.

परंतु अपघात रोज होत नाहीत. त्यामुळे हा नळ महिनोन् महिने कोणी उघडत नाही. मी एकदा एका प्रयोगशाळेतील असा नळ उघडला, तर प्रथम तांबूस, गढूळ पाणी आले!

तुम्ही म्हणाल, नळात कोंडलेल्या पाण्याला होते तरी काय? पाण्यातील क्लोरीन हळूहळू संपून जातो. पाणी खोलीइतके कोमट होते. मग जिवाणू वाढतात आणि नळाच्या आतून बुळबुळीत थर धरतात. स्यूडोमोनस हा त्यांपैकी एक. धडधाकट डोळ्याला तो सहसा बाधत नाही. पण आम्लाने पारपटलाचा वरचा थर सोलला गेला असेल, तर तेथे शिरून तो दृष्टी घालवू शकतो. लिजनेला हा दुसरा जिवाणू २० ते ४५ अंश सेल्सियसमध्ये वाढतो. नगरचा उन्हाळा त्याला मानवणाराच!

आता थोडे गणित करू. नळाचा आतील व्यास १५ मिलिमीटर आणि लांबी १० मीटर धरा. त्यात सुमारे पावणेदोन लिटर पाणी मावते. कारंज्यातून मिनिटाला दीड लिटर पाणी येत असेल, तर पहिली सत्तर सेकंदे जखमी डोळ्यावर शिळेच पाणी पडणार! शिवाय नळाच्या कडेचे पाणी मधल्या पाण्यापेक्षा सावकाश सरकते. म्हणून आठवड्यातून एकदा तीन मिनिटे तरी नळ सोडावा.

नगरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात पाणी वाया घालवायचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण हे पाणी अवघे साडेचार लिटर. बादलीत धरून झाडांना घाला. बाटलीत किंवा टाकीत पाणी साठवणारी साधने असतील, तर त्यांची मुदत पाहून पाणी बदलावे. निव्वळ धारेने चिकट थर पुरता निघत नाही, म्हणून नळ मुळातच आखूड ठेवावा आणि तोंडावरची टोपणे स्वच्छ ठेवावीत.

एक मात्र विसरू नका. खरोखर अपघात झाला, तर पाणी शिळे की ताजे याचा विचार करीत थांबू नका. लगेच डोळे धुवा आणि मग डॉक्टरांकडे जा. ताज्या पाण्याची काळजी आधी घ्यायची असते. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तक्ता लावा. दर शनिवारी एका विद्यार्थ्याने नळ सोडावा आणि तारीख घालून सही करावी. ही सवय लागलेला मुलगा किंवा मुलगी उद्या कारखान्यात गेली, म्हणजे पहिल्याच दिवशी विचारील, “हा नळ शेवटचा कधी उघडला होता?”