अर्धशिशीची सुई आणि मानेची कमजोरी

महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोके दुखते, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ हेच चालू असते, तेव्हा डॉक्टर त्याला जुनाट अर्धशिशी म्हणतात. गोळ्यांनी फरक पडला नाही तर बोटॉक्सच्या सुया सुचवतात. कपाळ, कानशिले, डोक्याचा मागचा भाग, मान आणि खांदे मिळून ३१ ठिकाणी १५५ युनिट औषध दिले जाते, तेही दर १२ आठवड्यांनी.

हे औषध मज्जातंतूचा स्नायूला जाणारा निरोप अडवते. त्यामुळे जवळचा एखादा स्नायू सैल पडू शकतो. काहींची पापणी खाली येते, काहींची मान दुखते. क्वचित मान एवढी कमजोर होते की सजद्यातून उठताना डोके उचलायला कष्ट पडतात. औषधाचा असर ओसरला की हे सहसा बरे होते. तोवर खुर्चीवर बसून नमाज अदा करा आणि डॉक्टरांना जरूर कळवा. पुढच्या वेळी ते सुईची जागा किंवा प्रमाण बदलू शकतात.

फार क्वचित औषधाचा असर शरीरात दूरवर पोचतो. घास गिळता न येणे, आवाज बसणे, बोलणे अडखळणे, एकाऐवजी दोन दिसणे, श्वास लागणे ही त्याची लक्षणे. ती काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही दिसू शकतात. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा.

सुई घेण्याआधी तीन गोष्टी लपवू नका : संध्याकाळपर्यंत पापण्या जड होतात का, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आहे का, आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शने चालू आहेत का. गरोदर असाल तर तेही सांगा.

इरेनुमॅबसारख्या महिन्याच्या सुया वेगळ्या. त्या स्नायू सैल करत नाहीत, तरी काहींना पेटके येतात, बद्धकोष्ठ होते.

घरात कोणी सुई घेतली असेल, तर तारीख आणि औषधाचे नाव कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. "थोडी कमजोरी आहे, जाईल" म्हणत अम्मी स्वतः गप्प बसेल, पण तिचा घास अडकतोय हे ताटावर बसलेल्यांनी ओळखले पाहिजे.