हातातले पेन आणि पेनामागचा हात

कठीण रबर हा सायन्सवाल्यांचा विषय; कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात डोके का घालावे, असे कोणी विचारील. मित्रहो, त्याचे कारण माझ्या खिशातच आहे.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. प्रवेश मिळाला त्या दिवशी वडिलांनी मला एक काळे शाईचे पेन दिले. देण्यापूर्वी तळहातावर खसाखसा घासले आणि म्हणाले, "हुंगून बघ." गंधकाचा वास आला. "हे प्लॅस्टिक नव्हे, रबर आहे. असल्या कांड्या मी लेथवर चढवल्यात." मला हसू आले. रबर आणि इतके टणक!

पुढे वाचनालयात पुस्तके चाळली तेव्हा मनातून ओशाळलो. रबरात गंधक मिसळून तापवण्याची क्रिया अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९ साली शोधली. गंधक थोडे असेल तर रबर लवचिक राहते. तेच पाव हिश्श्याहून जास्त घालून बराच वेळ तापवले की ते आबनुसाच्या लाकडासारखे काळे व कठीण बनते. हेच एबोनाइट. त्याचे पेटंट चार्ल्सचा भाऊ नेल्सन याने १८५१ मध्ये घेतले. कंगवे, दातांच्या कवळ्या, बॅटरीच्या पेट्या, विजेची उपकरणे अशा कितीतरी वस्तू त्यापासून झाल्या. प्लॅस्टिकने त्यांतल्या बहुतेकांची जागा घेतली. पेनात मात्र एबोनाइट टिकून आहे, कारण निबेखालच्या जिभेत ते शाई छान धरून ठेवते. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी घडवलेल्या स्वदेशी पेनाला गांधीजींनी १९३५ साली पत्र लिहून पसंती कळवली होती.

परीक्षेत आपण 'स्वदेशी'वर चार पाने लिहितो. पण ती ज्या पेनाने लिहितो ते कोणी घडवले, हे आपल्या गावीही नसते. मी तरी कुठे वेगळा होतो? पहिल्या वर्षी प्रवेश अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी नुसते 'नोकरी' असे लिहिले. 'लेथ कामगार' लिहायची लाज वाटली. आणि लिहिले ते त्यांनीच दिलेल्या पेनाने!

शिक्षणाने घामाची लाज वाटू लागली, तर ते शिक्षण कच्चेच म्हणायचे. म्हणून एक सूचना करतो. स्नेहसंमेलनात आपण दरवर्षी साहित्यिकाला हार घालतो. एखाद्या वर्षी कारागिरालाही घालावा आणि त्याचे काम डोळ्यांनी पाहावे.

यंदा त्या रकान्यात मी 'लेथ कामगार' असे लिहिले आहे. ठळक अक्षरात.