रंगाखालची चासी

(बी. ए., द्वितीय वर्ष)

माझे वडील हिंगणघाटला ट्रकदुरुस्ती करतात. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वार्षिकात कविता द्यायची सोडून हा लोखंडाविषयी काय लिहितो, असे मित्रांना वाटेल. वाटो!

गेल्या उन्हाळ्यात एका शेटजींनी आपल्या वडिलांचा टाटा-मर्सिडीज-बेंझ पुन्हा उभा करायला आणला. 1954 च्या करारानंतर हे ट्रक जमशेदपूरला बनू लागले. करार 1969 साली संपला. अशाच लांब नाकाच्या गाड्यांतून कापसाच्या गाठी जात, असे आजोबा सांगत. मूळ चासी गंजून गेली होती, म्हणून भंगारातून त्याच जातीची दुसरी आणली. शेटजींना घाई. रंग मारा आणि केबिन चढवा!

बाबांनी आधी सारे ब्रॅकेट उतरवले, तारेच्या ब्रशने गंज काढला आणि सुतळीने दोन्ही कर्ण मापले. ते सारखे भरले नाहीत तर चासी तिरपी झाली समजावे. हातोडीने एकेक रिव्हेट वाजवला; सैल रिव्हेट बद्द बोलतो. मग कमानपाट्याच्या ब्रॅकेटपाशी रॉकेल लावून पुसले आणि वर खडूची भुकटी चोळली. थोड्या वेळाने पांढऱ्यावर केसासारखी काळी रेघ उमटली. तडा!

शेटजी म्हणाले, "वेल्डिंग करून टाका. मिरवायचीच तर गाडी आहे."

"रंग मारल्यानं का होते, शेटजी? हाड तं तुटूनच हाये ना!"

शिवाय चासीवर नंबर असतो आणि तोच आरसी बुकात असतो. आरटीओची परवानगी येईपर्यंत दुसऱ्या चासीवर केबिन चढवणार नाही, हेही बाबांनी सांगून टाकले.

त्या मजुरीतून माझी फी भरायची होती. मी रात्री बाबांशी भांडलो. आज माझे मत उलट आहे. मिरवणुकीतला ट्रकही रस्त्यावरूनच चालतो आणि त्याच्यापुढे पोरे नाचतात.

1937 च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हातातल्या कामातून शिक्षण द्यावे, असे तिथे ठरले. हे आम्ही परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितो. पण रॉकेल आणि खडूने तडा शोधणाऱ्याला मात्र आम्ही 'अडाणी मिस्त्री' म्हणतो. मीही म्हणत होतो, घरात.

शेटजींनी ट्रक आणि चासी दोन्ही ओढून नेले. फी मी दोन हप्त्यांत भरली.